शहरात जाणारी सकाळची लोकल : बारा वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

मिक्सर घेतला, हेडफोन घेतला की आपण दोन आठवड्यांत रिव्ह्यू टाकतो, आणि जिच्यात रोजचे अडीच-तीन तास जातात त्या लोकलबद्दल मात्र फक्त चिडचिड करतो, फलाटावर करतो, ऑफिसात पोचल्यावर पाच मिनिटं करतो आणि मग कामाला लागतो. म्हणून ठरवलं की एकदा नीट बसून लिहायचंच. उपनगरातून सकाळी शहरात नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी गाडी, बारा वर्षं झाली, आठवड्याचे पाच दिवस, कधीकधी सहा. कुठलं शहर, कुठली लाईन ते मुद्दाम लिहीत नाहीये कारण जे सांगायचंय ते मोठ्या शहराच्या कडेला राहणाऱ्या कुणालाही लागू पडेल, आणि मला एखाद्या स्टेशनवर राग काढायचा नाहीये.

आधी मार्क सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. वेग पाचपैकी पाच. गर्दी पाचपैकी दोन. भरवसा पाचपैकी दीड. हो, भरवशाला गर्दीपेक्षा कमी दिलेत आणि विचार करून दिलेत. माझ्या मैत्रिणींना हे पटत नाही, त्या म्हणतात अगं चेंगरून जातो आपण आणि तू वेळेचं काय घेऊन बसलीस, पण त्याबद्दलच बरंच लिहायचंय.

चांगलं काय ते आधी. लोकलला पर्याय नाही हे मी मनापासून म्हणते. मधे दीड महिना मी रस्त्याने जाऊन बघितलं, ऑफिसातल्या एकांच्या गाडीतून, एसी, बसायला जागा, सगळं, आणि रोज लोकलपेक्षा जास्त वेळ लागला, वर पोचायची वेळ रोज वेगळी. रस्त्याच्या एका लेनमधून सगळं सुरळीत चालू असताना तासाला साधारण दोन हजार गाड्या जातात आणि बहुतेक गाड्यांत एकच माणूस असतो. आता लंडनच्या एलिझाबेथ लाईनची एकच गाडी घ्या, नऊ डबे, दोनशे मीटरच्या वर लांबी, दीड हजार माणसं मावतात. त्याच शहरात थेम्सलिंक या दुसऱ्या रेल्वे लाईनचा जो मधला भाग आहे तिथे एका दिशेने तासाला २४ गाड्या सोडता याव्यात अशी सोय केलीये, म्हणजे अडीच मिनिटाला एक. दोन रुळांवरून एवढी माणसं नेणारं दुसरं काही नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू वाचून कुणी म्हणेल की मग लोकल सोडून दे, तर नाही, मला लोकल सुधारलेली हवीये, सोडायची नाहीये.

आता भरवसा. माझ्या स्टेशनपासून उतरायच्या स्टेशनपर्यंत छापील वेळ ५२ मिनिटं आहे. मी धरते ८०. बहुतेक दिवशी गाडी ५५-५८ मिनिटांत पोचवते, खरं सांगायचं तर वाईट नाही हे. पण महिन्यात दोन-तीन दिवस असे येतात की ७५ लागतात, कधी त्याच्यावर, आणि तो दिवस कुठला असेल हे आधी कुणीच सांगू शकत नाही. ऑफिसात तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापतात, त्यामुळे मी रोजच तो वाईट दिवस आहे असं धरून निघते. म्हणजे ज्या दिवशी गाडी अगदी वेळेवर येते ना, त्या दिवशीसुद्धा तिच्या उशिराची किंमत मी सकाळीच मोजलेली असते. वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचते आणि खाली लॉबीत बसून राहते. हा वेळ कुठल्या आकडेवारीत येत नाही कारण गाडीला तर उशीर झालेलाच नसतो.

ही वीस-पंचवीस मिनिटं कुठून येतात तेही सांगते. माझी मुलगी साडेसातला उठते. मी सात वीसला घराबाहेर पडलेली असते. तिची वेणी सासूबाई घालतात, छान घालतात, पण ती वेणी घालताना जे बोलते, शाळेतलं, मैत्रिणीचं, ते सगळं मला रात्री तुकड्यातुकड्यात कळतं किंवा कळतच नाही. गर्दीत चेंगरणं पन्नास मिनिटांनी संपतं. हे नाही संपत. म्हणून दीड.

वेळेवर म्हणजे नक्की काय, याचा प्रत्येक देशाचा हिशोब वेगळा आहे हे मला खूप उशिरा कळलं आणि कळल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडल्या. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं असं मोजायचे की उपनगरी गाडी शेवटच्या स्टेशनला पाच मिनिटांच्या आत पोचली तर ती वेळेवर, लांब पल्ल्याची असेल तर दहा. नंतर तिथे प्रत्येक स्टेशनवर मिनिटाच्या हिशोबाने मोजायला लागले. जर्मनीत सहा मिनिटांच्या आत आली की वेळेवर, आणि रद्द झालेली गाडी त्या टक्केवारीत धरतच नाहीत, म्हणजे जी गाडी आलीच नाही तिच्यासाठी थांबलेल्या माणसाचा उशीर त्या टक्केवारीत कुठेच लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये हद्द तीन मिनिटांची, आणि तिथली सरकारी रेल्वे गाड्यांऐवजी प्रवासी मोजते, गाडीत किती माणसं होती त्याप्रमाणे उशिराला वजन देते.

मला हा स्विस हिशोबच खरा वाटतो. बघा ना, दुपारी दोनची गाडी, डब्यात वीस माणसं, वेळेवर पोचली. सकाळी साडेआठची, डब्यात पाय ठेवायला जागा नाही, बारा मिनिटं उशिरा. गाड्या मोजल्या तर दोनपैकी एक वेळेवर, पन्नास टक्के. माणसं मोजली तर जवळजवळ सगळेच उशिरा. दिवसभराच्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढून कुणी मोठा आकडा सांगितला की आपल्याला वाटतं हे खोटं बोलतायत. खोटं बोलत नसतात, पण त्या आकड्यात दुपारच्या आणि रात्री अकराच्या गाड्याही असतात, आपण ज्यात असतो त्या चार-पाच गाड्या त्यात विरघळून जातात.

अजून एक बघण्यासारखी गोष्ट, वेळापत्रक हातात असेल तर आत्ता बघा. शहरातलं शेवटचं स्टेशन आणि त्याच्या आधीचं, या दोघांतलं अंतर जाताना किती मिनिटांचं दाखवलंय आणि उलट दिशेने सुटताना किती. बऱ्याच ठिकाणी पोचताना दोन-तीन मिनिटं जास्त दिसतील. ती मुद्दाम ठेवलेली जास्तीची मिनिटं असतात, वाटेत झालेला उशीर तिथे भरून निघावा म्हणून. त्यात चूक काही नाही, असं राखून ठेवायलाच पाहिजे, पण वेळ फक्त शेवटच्या स्टेशनवर मोजला तर मधे चार मिनिटं उशिरा धावलेली गाडी शेवटी वेळेवर ठरते आणि मी मधे उतरते, माझी चार मिनिटं गेलेलीच असतात.

बरं आता गर्दी. लोक गर्दी आणि उशीर अशा दोन वेगळ्या तक्रारी करतात, मीही करायचे. बारा वर्षं दारापासून दोन हातांवर उभं राहून माझं मत असं झालंय की हा एकच आजार आहे. कसं ते सांगते, जरा सावकाश वाचा.

गाडी स्टेशनला थांबते तो वेळ ठरलेला असतो, तीस सेकंद म्हणा, मोठ्या स्टेशनला पंचेचाळीस. डबा रिकामा असेल तर पुरतो. डबा भरलेला असेल तर आधी आतून उतरणारे सुटे व्हावे लागतात, त्यांना वाट द्यायला दारातले तीन-चार जण खाली उतरून परत चढतात, तेवढ्यात बाहेरचे घुसायला लागतात, मग कुणाची तरी बॅग अडकते. गेली पन्नास सेकंदं. प्रत्येक स्टेशनला वीस सेकंद जास्त म्हटले तर दहा स्टेशनांत तीन मिनिटं गेली. आणि गाडी जेवढी उशिरा तेवढी पुढच्या फलाटावर माणसं जास्त साठलेली, म्हणजे तिथे थांबायला अजून वेळ. उशिरामुळे गर्दी आणि गर्दीमुळे उशीर, गाडी पुढेपुढे जाईल तसं ते वाढतच जातं. तिच्या मागून येणाऱ्या गाडीचं उलटं होतं, तिच्या वाट्याची माणसं पुढच्या गाडीने उचललेली असतात, त्यामुळे ती हलकी, पटपट धावते आणि पहिलीला येऊन चिकटते. मग बाहेर सिग्नलला उभी राहते. आपण म्हणतो वीस मिनिटं एक गाडी नाही आणि मग दोन एकदम आल्या. ते असं होतं.

एक साधं गणित करून बघा. फलाटावर मिनिटाला पन्नास माणसं येतायत असं धरा. दर चार मिनिटांनी गाडी असेल तर प्रत्येक गाडीला दोनशे माणसं. आता एक गाडी दोन मिनिटं उशिरा आली, म्हणजे आधीच्या गाडीनंतर सहा मिनिटांनी, तर तिला तीनशे, आणि मागची तिच्या पाठोपाठ दोनच मिनिटांनी आली तर तिला शंभर. कागदावर सरासरी तीच राहिली, गाडीला दोनशे. पण चारशेतले तीनशे लोक खचाखच भरलेल्या गाडीत होते आणि शंभरच जणांना मोकळी गाडी मिळाली. म्हणून कुठेतरी छापून आलं की गाड्यांत सरासरी अमुक एवढीच गर्दी असते, तर आपल्याला ते कधीच पटत नाही, कारण रिकामी गाडी बघायला त्या गाडीत माणसंच कमी असतात.

आणि एक गाडी रद्द झाली की काय होतं हे वेगळं सांगायला नको, चार मिनिटांचे आठ होतात आणि तिची सगळी माणसं पुढच्या गाडीच्या अंगावर येतात. माझ्या मते दहा मिनिटं उशिरा धावणारी गाडी परवडली पण ऐन गर्दीत रद्द झालेली नको.

गर्दी मोजायच्या पद्धतींपैकी मला जपानची सगळ्यात आवडली कारण ती अंगाला कळते. तिथे टक्क्यांत सांगतात आणि टक्के समजावायला पेपर वाचण्याचं माप दिलंय. १०० टक्के म्हणजे प्रत्येकाला सीट, किंवा धरायला कडी, किंवा दाराजवळचा खांब. १५० टक्क्यांना उभ्याने पेपर पसरून वाचता येतो. १८० ला घडी घालून कसाबसा. २०० ला अंगं एकमेकांवर चांगलीच दाबली जातात पण साप्ताहिकाएवढं काहीतरी वाचता येईल. २५० ला गाडी हलली की सगळी माणसं एका बाजूला कलतात, हातसुद्धा हलवता येत नाही. तोक्योच्या तोझाई लाईनवर सकाळच्या सगळ्यात वाईट तासाला २०१९ साली १९९ टक्के मोजली होती, आणि पुढच्याच वर्षी साथीच्या काळात ती १२३ वर आली. रूळ तेच, बदललं एवढंच की लोक घरून काम करायला लागले किंवा वेगळ्या वेळेला निघायला लागले. हे मी पुढे परत काढणार आहे.

मुंबईच्या लोकलसाठी तर सुपर डेन्स क्रश लोड असा शब्दच तयार झाला, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन घरात फरशीवर खडूने काढा आणि त्यात चौघांना उभं करा, मग कळेल.

माझ्या गाडीत कुणी टक्के मोजत नाही, माझी मापं माझी मी ठरवलीत. पर्सची चेन उघडून मोबाईल काढता येतो ती चांगली सकाळ. मोबाईल हातातच धरून चढावं लागतं ती नेहमीची. आणि श्वास घ्यायला मान वर करावी लागते ती वाईट. वाईट सकाळी एक तरी मुलगी मटकन खाली बसते, बहुतेक वेळा काही न खाता निघालेली असते, कॉलेजची असते, मग तिला दाराकडे न्यायला वाट करायची, कुणीतरी पाण्याची बाटली काढायची, पुढच्या स्टेशनला तिच्यासोबत एकीने उतरायचं. आजवर असं कधी पाहिलं नाही की कुणीच उतरलं नाही, कुणी ना कुणी स्वतःचा लेट मार्क घेऊन उतरतेच. या डब्यातल्या बायकांबद्दल मला फार प्रेम आहे. उंचीने लहान असलेल्यांची आणि सात महिन्यांच्या पोटुशीची अवस्था मात्र बघवत नाही, आणि ज्या डब्यात सगळेच असतात तिथे गर्दीचा फायदा घेणारे हात असतात हे प्रत्येकीला माहितीये, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही पण गर्दीला दोनच मार्क देण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

गर्दी फक्त डब्यात नसते हेही लक्षात घ्या. फलाट, जिना, पूल. २०१७ च्या २९ सप्टेंबरला सकाळी मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसात माणसं अडकली आणि चेंगराचेंगरीत वीसहून जास्त जीव गेले. हे चालत्या गाडीत झालं नव्हतं, कुणी लटकत नव्हतं, लोक फक्त पुलावर उभे होते. तेव्हापासून मला शेवटच्या क्षणी फलाट बदलल्याची घोषणा झाली की पोटात गोळा येतो. शेकडो माणसं एकदम जिन्याकडे वळतात, वरून येणारे खाली, खालचे वर, आणि पुढची गाडी तर पाच मिनिटांत असते, धावायची काही गरज नसते, पण इंडिकेटरवर विश्वास नाही म्हणून सगळे धावतात. इंडिकेटर खरा असता तर अर्धे लोक शांतपणे थांबले असते. मी स्वतः थांबले असते. मागची गाडी तीन मिनिटांवर आहे आणि ती मोकळी आहे असं मला कुणी खात्रीने सांगितलं तर मी ही भरलेली सोडून देईन, आणि माझ्यासारख्या पन्नास जणींनी सोडली की ती गाडी वेळेत सुटेल. गाडी न वाढवता, रूळ न टाकता होण्यासारखं हे काम आहे.

डब्यांबद्दल थोडं, कारण लोक लगेच म्हणतात डबलडेकर करा. पॅरिसची आरईआर ए ही लाईन दिवसाला दहा लाखांहून जास्त माणसं नेते आणि तिथे डबलडेकर आहेत, पण त्या मुद्दाम खूप रुंद दारांच्या, प्रत्येक डब्याला एका बाजूला तीन दारं अशा केल्यात, कारण वर-खाली जिने असले की उतरायला वेळ लागतो आणि मग परत तेच, थांबायचा वेळ वाढला की मागच्या गाड्या अडल्या. तोक्योत यामानोते लाईनवर त्यांनी उलटं केलं होतं, नव्वदच्या दशकात काही डबे असे आणले की एका बाजूला सहा दारं आणि गर्दीच्या वेळी सीटा मिटून ठेवलेल्या. वीस वर्षांनी काढून टाकले, कारण फलाटावर सुरक्षेचे दरवाजे बसवायचे ठरलं आणि त्यांना सगळ्या डब्यांची दारं एका जागी लागतात. म्हणजे प्रत्येक उपायात कुठेतरी काहीतरी सोडावं लागतंच. मला विचाराल तर सीटा थोड्या कमी पण दारं रुंद हे चालेल, फक्त म्हाताऱ्या माणसांची सोय आधी करा.

गाडीच्या बाहेरचा उपाय मात्र मला जास्त खरा वाटतो. मेलबर्नमध्ये २००८ पासून सकाळी लवकर प्रवास संपवला तर गाडी फुकट, आता ती वेळ सव्वासातची आहे. सिंगापूरने २०१३ ते २०१७ अशीच योजना चालवली, शहरातल्या ठरलेल्या स्टेशनांवर पावणेआठच्या आत बाहेर पडलात तर पैसे नाहीत. चांगलंच आहे, पण यातून फायदा त्यालाच होतो ज्याचा साहेब लवकर ये आणि लवकर जा म्हणायला तयार आहे. आमच्याकडे विचारलं तर उत्तर आलं, सगळ्यांची वेळ एकच हवी, मीटिंगा असतात. पण तोझाई लाईनचे ते १९९ आणि १२३ बघितले की कळतं की सकाळच्या गर्दीची एक किल्ली रेल्वेकडे नाहीच, ती साडेनऊला सगळ्यांना एकदम हजेरी लावायला लावणाऱ्या ऑफिसांकडे आहे. सगळ्यांनी घरी बसायची गरज नाही. दहातल्या एकाने जरी अर्धा तास पुढेमागे केलं तरी डब्यात मान खाली घालून श्वास घेता येईल असा माझा अंदाज आहे.

हे सगळं लिहिल्यावर एक गोष्ट मात्र ठासून सांगायचीये, मला मोटरमनने घाई केलेली नकोय. २००५ च्या २५ एप्रिलला जपानमध्येच आमागासाकीला सकाळची उपनगरी गाडी वळणावर रुळांवरून उतरून इमारतीत शिरली, १०७ माणसं गेली, त्यात चालक स्वतः, तेवीस वर्षांचा पोरगा. आधीच्या स्टेशनला गाडी फलाटाच्या पुढे गेली होती, ती मागे घेण्यात वेळ गेला, साधारण दीड मिनिट उशीर झाला होता, तो भरून काढायला ७० च्या वळणावर गाडी ११६ च्या वेगाने होती. तिथे चूक झाली की चालकांना अपमानास्पद शिक्षेसारखं प्रशिक्षण द्यायचे, त्याची भीती होती असं चौकशीत पुढे आलं. दीड मिनिट. मी दीड मिनिटासाठी किती वेळा फलाटावर उभी राहून बडबड केलीये ते आठवलं की वाईट वाटतं. त्यामुळे भरवसा म्हणजे चालकाच्या डोक्यावर घड्याळ धरणं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. वेळापत्रकच खरं छापा. ५२ मिनिटांत गर्दीच्या वेळी जाता येत नसेल तर ५७ छापा, आणि मग ते ५७ पाळा. माझी काही तक्रार राहणार नाही, मी त्याप्रमाणे निघेन आणि मला उरलेली मिनिटं घरी मिळतील.

आणि उशीर होणारच असेल तर खरं सांगा. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. दोन स्टेशनांच्या मधे गाडी उभी राहिली, पंखे चालू, बाहेर काही दिसत नाही, पंधरा मिनिटं काहीच नाही, नेहमीप्रमाणे डब्यात कुणी म्हणतंय पाणी भरलं, कुणी म्हणतंय कुणीतरी रुळांवर आलं, एकजण उडी मारून चालत जायच्या तयारीत. मग स्पीकर खरखरला आणि गार्ड स्वतःच्या आवाजात बोलले, रेकॉर्ड केलेलं नाही. म्हणाले, पुढे सिग्नलमध्ये बिघाड आहे, आपल्या पुढे दोन गाड्या उभ्या आहेत, मला मिळालेल्या माहितीप्रमाणे कमीत कमी पंचवीस मिनिटं लागतील, कृपया कुणी खाली उतरू नका, बाजूच्या रुळावर गाडी येऊ शकते, नवीन काही कळलं की मी परत सांगतो. आणि दहा मिनिटांनी त्यांनी खरंच परत सांगितलं, अजून काही कळलेलं नाही एवढंच सांगितलं, पण सांगितलं. तुम्हाला खरं वाटणार नाही पण डबा शांत झाला. लोकांनी ऑफिसात फोन केले, एकीने उभ्या असलेल्या आजींना बसायला दिलं, दारातला तो मुलगा आत येऊन उभा राहिला. पस्तीस मिनिटं लागली शेवटी. बारा वर्षांत मला एवढा उशीर होऊनसुद्धा राग न आलेला तो एकच दिवस. उतरल्यावर मागच्या डब्यापर्यंत चालत जाऊन त्यांना थँक यू म्हणायचं राहिलं, गर्दीने पुढे ढकललं, ते अजून मनात आहे. भरवशाला जो दीड मार्क दिलाय ना त्यातला अर्धा त्यांचा.

संध्याकाळच्या गाडीबद्दल फार लिहीत नाही, तीच कथा, फक्त सगळे दमलेले असतात आणि पोचायची वेळ कुणी मोजत नाही.

वापरायची कशी तेवढं सांगते. ऑफिसात नवीन आलेल्या मुलीने मागच्या सोमवारी विचारलं, ताई मी ७:४८ पकडू की ८:०२, ८:०२ फास्ट आहे, बारा मिनिटं आधी पोचवते म्हणतात. मी म्हटलं दोन्ही नको, ७:५६ ची स्लो पकड. ८:०२ लांबून येते, वाटेत कुठेही काही झालं की तिला उशीर होतो आणि ती चुकली तर पुढची फास्ट अठरा मिनिटांनी. ७:५६ आपल्या अलीकडूनच सुटते, त्यामुळे ती जवळजवळ रोज वेळेवर असते, आणि सगळे फास्टसाठी थांबलेले असतात म्हणून तिला जरा कमी गर्दी. आणि डबा असा निवड की उतरायच्या स्टेशनचा जिना त्याच्या समोर येत नाही. जिन्यासमोरच्या डब्यात सगळेच घुसतात, उतरल्यावर मिनिटभर वाचावं म्हणून. तू तीन डबे मागे चढ, मिनिटभर जास्त चाल. पाठीवरची सॅक पुढे घे, आणि काहीतरी खाऊन निघ.

शुक्रवारी भेटली तेव्हा म्हणाली, बसायला नाही मिळालं ताई, पण चारही दिवस पाठ टेकायला मिळाली.